सौम्य सॅनिटायझरच्या शोधात: पाळणाघरातल्या हातांचं एक प्रकरण

पाळणाघर चालवणाऱ्या एका ताईंचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत, आणि अशाच आणखी काही जणींचे हातही यात मिसळले आहेत. वय चाळिशीच्या आतलं. पूर्वी त्वचेचा त्रास नाही, दमा नाही, घरात कुणाला एक्झिमा नाही. पाळणाघरात दहा-बारा मुलं, त्यातली निम्मी अजून डायपरमधली, आणि हाताशी दोन मदतनीस. तक्रार अशी की दोन्ही हात कोरडे पडून फुटले आहेत आणि सॅनिटायझर लावला की डोळ्यांत पाणी येतं.

मागणी त्याहून सोपी होती. "डॉक्टर, न झोंबणारा, सौम्य असा एखादा सॅनिटायझर सांगा ना."

सुरुवात कशी झाली ते विचारलं. काही महिन्यांपूर्वी पाळणाघरात उलट्या-जुलाबांची साथ आली होती. एका मुलापासून सुरू झालं आणि बघता बघता निम्मी मुलं आणि एक मदतनीस आडवी झाली. पालक धास्तावले. ताईंनी नियम घातला: कशालाही हात लावला की साबणाने धुवायचे आणि खात्री म्हणून वर सॅनिटायझर चोळायचा. साथ ओसरली, पण नियम तसाच राहिला. तीन-चार आठवड्यांत हात राठ झाले, मग सोलायला लागले, मग चिरा पडल्या.

त्यांनी पर्समधून एकेक करून बाटल्या टेबलावर मांडल्या. पहिली नेहमीच्या जेलची, 70 टक्के अल्कोहोल आणि भरपूर सुगंध. ती झोंबायला लागल्यावर घेतलेला दुसरा, अल्कोहोल नसलेला फोम; लेबलवर 'बाळांसाठी सुरक्षित'. तिसरा कोरफड आणि लॅव्हेंडरच्या तेलाचा स्प्रे, ज्यावर 'नैसर्गिक' हा शब्द तीनदा होता आणि कशाचं किती प्रमाण आहे ते एकदाही नव्हतं. शिवाय ओल्या वाइप्सचं एक पाकीट. ते तक्रारीत धरलेलंच नव्हतं. सवयीने बाहेर आलं आणि बाजूला ठेवलं गेलं. ते तिथेच राहू दे, त्याच्याकडे नंतर यायचं आहे.

हात काय सांगत होते

तळहात बऱ्यापैकी शाबूत, त्रास मागच्या बाजूला. बोटांच्या पेरांवर बारीक आडव्या भेगा, बोटांच्या बेचक्यांत लालसर सोललेली कातडी, आणि डाव्या अनामिकेवर अंगठीच्या खाली नेमका अंगठीच्याच रुंदीचा लाल पट्टा. हा पट्टा पाहिला की मला साबण आठवतो. हात धुतल्यावर अंगठीखाली साबणाचं पाणी अडकून राहतं, पुसताना तिथे टॉवेल पोचत नाही आणि दिवसभर ती जागा भिजत राहते. सॅनिटायझर मात्र अंगठीखाली फारसा शिरत नाही. जेवढा शिरतो तेवढाही उडून जातो.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली होती. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची टोकं डाव्यापेक्षा स्पष्टपणे वाईट होती. तिथे नुसता कोरडेपणा नव्हता. बारीक पुरळ होतं आणि खाज होती. डावीकडे जळजळ जास्त, उजव्या तीन बोटांना खाज जास्त. त्या दिवशी त्याचा उलगडा झाला नाही. ताई सगळं उजव्या हाताने करतात, कामाचा हात जास्त झिजतो, एवढ्यावर मी ते सोडून दिलं.

झोंबणं म्हणजे इजा नव्हे

ताईंची खात्री होती की हात अल्कोहोलनेच खराब केले. लावताच झोंबतं, आणखी काय पुरावा हवा?

पण झोंबतं ते आधीच फाटलेल्या कातडीला. कातडी धड असते तेव्हा अल्कोहोल मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत जेमतेम पोचतं. भेग पडली की थेट जातं आणि तिथल्या उष्णता ओळखणाऱ्या रिसेप्टरचा उंबरठा खाली आणतं. एरवी सुमारे 42 अंश सेल्सिअसला जागा होणारा हा रिसेप्टर मग अंगाच्या नेहमीच्या तापमानालाच 'भाजलं' म्हणून बोंब ठोकतो. प्रत्यक्षात भाजलेलं काही नसतं. साबण गुन्हा करून शांतपणे वाहून गेलेला असतो आणि ओरडा सॅनिटायझरच्या नावाने होतो.

साबणाचा गुन्हा असा की मळाबरोबर तो त्वचेतली स्निग्ध द्रव्यंही उचलतो आणि पाण्याबरोबर मोरीत सोडतो. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच 5 च्या आसपास. साध्या वडीच्या साबणाचा पीएच 9 ते 10, म्हणजे उलट, अल्कधर्मी. धुण्याच्या प्रत्येक वेळेनंतर त्वचेला पूर्वपदावर यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पुढची वेळ येते. अल्कोहोलही स्निग्धता विरघळवतं, पण त्यानंतर हात खळाळत्या पाण्याखाली धरले जात नाहीत. अल्कोहोल उडून जातं, विरघळलेलं बरंचसं हातावरच राहतं. जोडीला ग्लिसरीन असेल तर ते ओलावा धरून ठेवतं. म्हणूनच रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या तुलनांमध्ये ग्लिसरीन घातलेल्या अल्कोहोलने हात कमी बिघडतात आणि वारंवार साबण-पाण्याने जास्त बिघडतात, असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. हे सांगितलं की लोकांना पटत नाही. ताईंनाही पटलं नाही. मी आग्रह धरला नाही; त्याऐवजी त्यांना एका दिवसाची मोजणी करायला सांगितली.

एका दिवसाची चिठ्ठी

बेसिनच्या वर एक कागद चिकटवायचा. हात धुतले की एक रेघ, सॅनिटायझर लावला की एक फुली, आणि शेजारी दोन शब्दांत कारण. दिवस नेहमीसारखाच घालवायचा, मोजायचं आहे म्हणून हात राखून धुवायचे नाहीत.

चिठ्ठीवर 35 रेघा आल्या आणि 40 हून जास्त फुल्या. दिवसातून 20 पेक्षा जास्त वेळा हात धुणाऱ्यांचं काम व्यावसायिक त्वचारोगांत 'ओल्या कामा'त धरतात, म्हणजे हात बिघडण्याचा धोका असलेलं काम. ताई त्याच्या कितीतरी पुढे होत्या, आणि घरी गेल्यावरची भांडी यात धरलेली नव्हती.

आकड्यांपेक्षा कारणं बोलकी होती. डायपर बदलला. नाक पुसलं. भरवण्याआधी. भरवल्यानंतर. इथवर ठीक. मग: दाराची कडी. हजेरीची वही. फोन आला. खेळण्यांची टोपली उचलली. पालकांनी दिलेली पिशवी घेतली. 'असंच' असंही दोनदा लिहिलं होतं. आणि जवळजवळ प्रत्येक रेघेला चिकटून एक फुली, म्हणजे धुतलेल्या, बहुधा ओल्याच हातांवर सॅनिटायझर.

हे शेवटचं दोन्ही बाजूंनी तोट्याचं. ओल्या हातावर अल्कोहोल पातळ होतं, म्हणजे काम कमी करतं. आणि साबणाने नुकत्याच उघड्या पडलेल्या त्वचेवर जाऊन त्रास मात्र जास्त देतं. धुतलेल्या हातांना सॅनिटायझरची गरज नसते. चिठ्ठीवरच्या निम्म्याहून अधिक फुल्या या एका वाक्यात खोडता आल्या.

ज्या साथीपासून हे सुरू झालं ती

लहान मुलांच्या जागी अचानक उलट्या सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत खोलीभर पसरतात, तेव्हा पहिला संशय नोरोव्हायरसवर जातो. ताईंकडे तपासणी झालेली नव्हती, त्यामुळे तोच होता असं म्हणता येणार नाही. पण तसा असेल तर एक विचित्र गोष्ट लक्षात घ्यायला हवी: नोरोव्हायरसवर हात-सॅनिटायझर फारसा चालत नाही. फ्लू किंवा कोरोनाच्या विषाणूला बाहेरून स्निग्ध आवरण असतं. अल्कोहोल ते फोडतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला हे आवरण नसतंच. जुलाब घडवणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचीही तीच गत, अल्कोहोलला तो दाद देत नाही. अशांना हातावर मारण्याच्या भानगडीत न पडता साबणाने सोडवायचं आणि पाण्याने वाहून न्यायचं, एवढाच खात्रीचा उपाय.

म्हणजे ज्या भीतीपोटी बाटल्यांचा ढीग झाला, त्या भीतीवर बाटलीतलं औषध सर्वांत दुबळं. उलटी पडली असेल तिथली फरशी आणि खेळणी ब्लीचच्या द्रावणाने पुसणं आणि आजारी मूल बरं झाल्यावरही निदान दोन दिवस घरी ठेवणं, याने साथ आटोक्यात येते. ताई मुलाला दुसऱ्याच दिवशी परत घेत होत्या. पालकांना सुट्टी मिळत नाही, हे कारणही खरंच होतं. त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं.

बाटल्यांची परीक्षा

आता मूळ प्रश्न. टेबलावरच्या तिघांपैकी सौम्य कोण?

फोममध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक होतं. ते लावताना झोंबत नाही, म्हणून सौम्य वाटतं. पण जंतूंच्या बाबतीत त्याची मजल अल्कोहोलइतकी विश्वासाची नाही, आणि वारंवार वापरलं तर तेही त्वचेला चिडवणारं रसायन आहे. फक्त लगेच ओरडत नाही. 'अल्कोहोल नाही' याचा अर्थ 'त्रास नाही' असा होत नाही.

लॅव्हेंडरचा स्प्रे मी सरळ बाद केला. अल्कोहोल किमान 60 टक्के असल्याशिवाय त्या बाटलीला सॅनिटायझर म्हणण्यात अर्थ नाही, आणि इथे आकडाच नव्हता. वर सुगंधी तेलं. लॅव्हेंडरच्या तेलातलं लिनालूल हवेशी संयोग पावलं की त्यापासून तयार होणारी द्रव्यं ॲलर्जी घडवण्यासाठी चांगलीच ओळखीची आहेत. वनस्पतीतून आलं म्हणून त्वचा सूट देत नाही.

राहिलं पहिलं जेल. 70 टक्के इथेनॉल, म्हणजे ताकद योग्य. (100 टक्के असतं तर आणखी चांगलं, असं वाटू शकतं, तसं नाही. जंतूंची प्रथिनं बिघडवायला अल्कोहोलला थोडं पाणी लागतं, म्हणून 60 ते 95 टक्के ही कामाची पट्टी.) खोट एवढीच की घटकांच्या यादीत सुगंध होता आणि ग्लिसरीन कुठेतरी तळाशी. ज्यावर ताईंचा सर्वांत जास्त राग होता, तीच बाटली योग्य बाटलीच्या सर्वांत जवळची निघाली.

योग्य बाटली कशी असते याचा नमुना उघड्यावरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयांना स्वतः बनवता यावीत म्हणून दोन सूत्रं प्रसिद्ध केली आहेत. पहिल्यात 80 टक्के इथेनॉल, दुसऱ्यात 75 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्हींत 1.45 टक्के ग्लिसरीन आणि 0.125 टक्का हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड हातांसाठी नाहीच, द्रावणात चुकून आलेले जिवाणूंचे बीजाणू मारण्यासाठी आहे. त्यात सुगंध, रंग, कोरफड, व्हिटॅमिन काही नाही. सौम्यपणा असा कंटाळवाणा असतो. (घरी बनवायच्या फंदात मात्र पडू नये. असल्या द्रावणाची वाफ 20 अंशांच्या आतबाहेरही पेट घेऊ शकते, आणि बनवायला घेतलेलं अल्कोहोल मिथेनॉलने दूषित असेल तर काय होतं हे 2020 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अनेक उत्पादनं परत बोलावली तेव्हा दिसलं. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो.)

मुलांच्या हाताला काय लावायचं, हेही ताईंनी विचारलं. साबण-पाणी. सहलीत पाणी नसेल तेव्हा सॅनिटायझर चालेल, पण मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने लावून, पूर्ण सुकेपर्यंत मुलाचे हात धरून. बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही. फळांच्या वासाचं रंगीत जेल मूल चाटून बघतं, आणि त्यात दारूपेक्षा जास्त अल्कोहोल असतं. लहान मुलांमध्ये थोड्याशानेही रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते.

काय बदललं

चिठ्ठी समोर ठेवून प्रत्येक कारणाचा निकाल लावला. डायपर, शौचालय, भरवण्याआधी, अंगणातून आत आल्यावर, हात डोळ्यांना मळलेले दिसत असताना: साबण-पाणी, वर काही नाही. नाक पुसलं, खोकल्याचा हात धरला आणि बेसिन दूर आहे: हात कोरडे असतील तर सॅनिटायझर, तळहातभर घेऊन, वीस-तीस सेकंद सुकेपर्यंत चोळून. कडी, वही, फोन, पिशवी: काहीच नाही. या शेवटच्या वर्गावर ताई अडल्या. "काहीच नाही कसं?" त्यांना मी एवढंच म्हटलं की मुलाला भरवण्याआधी हात धुणारच आहात, मधल्या वेळी वहीचे जंतू वहीवरून हातावर आले काय आणि नाही काय.

साबण बदलला: वडीऐवजी सुगंध नसलेलं, त्वचेच्या जवळ पीएच असलेलं लिक्विड क्लीन्झर. पाणी कोमट, गरम पाण्याने जंतू जास्त जात नाहीत, हात मात्र जास्त फुटतात. पुसताना घासायचं नाही, टिपायचं. अंगठी काढून ठेवली. भांडी रबरी हातमोज्यांत, आतून सुती मोजे. धुतल्यावर लगेच साधं मलम. तेही डबीत बोट घालायचं नाही, ट्यूबमधून घ्यायचं. रात्री व्हॅसलीनचा थर आणि सुती मोजे. लाल जागांवर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड मलम लिहून दिलं. ते तपासून दिलेल्या मुदतीतच वापरायचं असतं. शेजारणीला पुढे द्यायचं नसतं.

पुढच्या भेटीत पेरांवरच्या भेगा भरल्या होत्या आणि अंगठीचा पट्टा फिका झाला होता. नवा, बिनवासाचा सॅनिटायझर पहिले काही दिवस झोंबला आणि मग झोंबेनासा झाला. भेगा मिटल्या, एवढंच त्यामागचं कारण. पण उजव्या हाताची ती तीन बोटं जिथल्या तिथे होती. उलट, बाकीचे हात बरे झाल्यामुळे ती आता जास्तच उठून दिसत होती.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट. म्हणजे चिमटीत काहीतरी धरलं जातंय. "उजव्या हाताने दिवसभर काय धरता?" असं विचारल्यावर ताईंनी क्षणभर विचार केला आणि पर्समधलं वाइप्सचं पाकीट पुन्हा बाहेर काढलं. डायपर बदलताना डाव्या हाताने पाय उचलायचे, उजव्या हाताच्या चिमटीत वाइप. दिवसातून कितीही वेळा. ते हात धुणं नव्हे आणि सॅनिटायझरही नव्हे, म्हणून चिठ्ठीवर ना रेघ होती ना फुली.

पाठीवर पॅच टेस्ट केली, म्हणजे संशयित पदार्थ थोडे थोडे पट्ट्यांखाली चिकटवून कशाची ॲलर्जी आहे ते पाहिलं. 48 तासांनी पट्ट्या काढल्या, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. मिथाइलआयसोथायाझोलिनोनच्या जागी लाल, उंचावलेला, पुरळ आलेला चौकोन. हे पाण्याच्या उत्पादनांत बुरशी-जिवाणू वाढू नयेत म्हणून घालतात. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली 'वर्षातला ॲलर्जन' म्हणून त्याचीच निवड केली होती, आणि युरोपीय महासंघात धुऊन न टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत, वाइप्ससकट, ते 2017 पासून चालत नाही. इतरत्र नियम वेगवेगळे आहेत, म्हणून लेबल वाचणं आलं. ताईंच्या पाकिटावर ते नाव बारीक अक्षरात शेवटून दुसरं होतं.

म्हणजे एका हाताला दोन आजार होते. बहुतेक भाग झिजेचा, साबण-पाण्याचा, जो कोणालाही होऊ शकतो आणि सवयी बदलल्या की जातो. तीन बोटांचा भाग ॲलर्जीचा, जो ठराविक माणसालाच होतो आणि एकदा जडला की बहुधा जन्मभर राहतो. प्रमाण कमी करून भागत नाही, तो पदार्थ टाळावाच लागतो. वाइप्सच्या जागी पाण्यात भिजवलेले सुती कपड्याचे तुकडे आले. मदतनीस कुरकुरल्या, कारण धुणं वाढलं. एक मदतनीस तो अल्कोहोल नसलेला फोम सोडायला अजूनही तयार नाही. डायपरनंतर साबणाने हात धुते आणि तिच्या हातांना काही झालेलं नाही, म्हणून मीही तो विषय ताणला नाही. पालकांसाठी दारात ठेवलेली सॅनिटायझरची बाटली तशीच आहे, फक्त मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर. बाहेरून येणाऱ्या माणसाला तिथे बेसिन नाही, तेव्हा तिचा उपयोग आहे.

ताईंनी त्या प्रिझर्व्हेटिव्हचं लांबलचक नाव कागदावर उतरवून घेतलं आणि घरातल्या शाम्पूपासून भांड्यांच्या लिक्विडपर्यंत सगळं तपासलं. दोन वस्तू बाद झाल्या. मग एक दिवस त्यांचा फोन आला: पाळणाघराच्या भिंती रंगवायच्या आहेत, चालेल ना? प्रश्न अगदी रास्त होता. पाण्यात मिसळायच्या भिंतीच्या रंगांतही हेच प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ओल्या रंगातून ते हवेत उतरतं आणि ॲलर्जी असलेल्यांना नुसत्या त्या खोलीत बसल्यानेही चेहऱ्यावर पुरळ येऊ शकतं. रंगाच्या डब्यावरची माहिती मागवा, ते प्रिझर्व्हेटिव्ह त्यात असेल तर दुसरा रंग पाहा, आणि काम सुट्टीत काढून खिडक्या सताड उघड्या ठेवा, असं सांगितलं.